आमच्या कादंबऱ्या आणि आमचा संसार

१८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांनीं 'मंजुघोषा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्या कादंबरींतील अद्भुत प्रसंग आतां फारसे कोणास आठवत नाहींत. परंतु तिच्या प्रस्तावनेंतील एक तक्रार मात्र मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस विसरतां येत नाहीं. तक्रारीचा आशय असा कीं, आपणां हिंदु लोकांची लग्नाची चाल व एकंदर राहणी अशी आहे कीं, तींत मन वेधून घेईल असा गुणहि आढळत नाहीं आणि अवगुणहि आढळत नाहीं. रोज अनुभवास येतें तेंच लिहावें तर त्यांत रस कोठून आणावा? तेव्हां मनोरंजक पुस्तक लिहूं इच्छिणारास अद्भुताची कास धरल्यावांचून गत्यंतरच नाहीं.

ही तक्रार हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. ती एका प्रामाणिक लेखकाची खरी अडचण आहे. मुंबईचें विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें, आणि त्यानंतर जी पिढी इंग्रजी वाचूं लागली तिच्या हातीं ज्या कादंबऱ्या पडल्या त्यांपैकीं पुष्कळांचा सांगाडा एकच होता: एक तरुण, एक तरुणी, दोघांच्या मध्यें उभे राहिलेले गैरसमज, आणि शेवटीं लग्न. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरींत पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत वाचकाचें लक्ष ज्या प्रश्नावर खिळून राहतें, तो प्रश्न आमच्याकडे मुलगी भातुकली खेळत असतांनाच वडील मंडळींनीं पत्रिका पाहून सोडविलेला असे. जें फळ मिळविण्यासाठीं इंग्रज नायकानें तीनशें पानें झुरावें, तें आमच्या नायकाच्या पदरांत मुंजीमागोमाग पडलेलें! मग कथा उरली कोठें? रिसबुडांनीं आपल्या भोंवतालचें जग नीट पाहिलें होतें यांत शंका नाहीं. त्यांच्या नजरेंतून सुटलें तें इतकेंच, कीं कथा लग्नापाशीं संपते हा नियम इंग्रजांच्या घरचा आहे. आमच्या घरीं ती लग्नापासून सुरू होते.

हें ज्यांनीं पुरतेपणीं ओळखलें ते हरि नारायण आपटे. त्यांचा स्वतःचा आरंभहि परक्या सामग्रीवरच झाला होता. 'मधली स्थिति' (१८८५) ही त्यांची पहिली कादंबरी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधारानें उभी राहिली. परंतु १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' पत्र सुरू केलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कथा क्रमशः येऊं लागली. पुस्तकरूपानें ती १८९३ सालीं निघाली. तिची नायिका यमू ही कोणी राजकन्या नव्हे. माहेर, सासर, सासरच्या माणसांचे बरेवाईट स्वभाव, नवऱ्याबरोबर मुंबईस थाटलेलें बिऱ्हाड, अकालीं आलेलें वैधव्य आणि जुलमानें झालेलें केशवपन, एवढीच काय ती तिची कहाणी. यांतील एकहि गोष्ट अशी नाहीं, कीं जी त्या काळीं पुण्यांतील वाड्यावाड्यांतून सांपडली नसती. संमतिवयाचें बिल ज्या दिवसांत पुण्यांत गाजत होतें (कायदा १८९१ सालीं झाला आणि त्यानें संमतीचें वय दहावरून बारा वर्षांवर नेलें), त्याच दिवसांत ही कथा हप्त्याहप्त्यानें घरोघर जात होती. सभांतून व वर्तमानपत्रांतून शास्त्राधारांचा पाऊस पडत असतां हरिभाऊंनीं फक्त माजघराचें दार उघडून दिलें.

या कादंबरींतील आमच्या मतें सर्वांत श्रेष्ठ भाग म्हणजे मुंबईच्या बिऱ्हाडाचा. त्यांत घडतें काय? नवरा बायकोला वाचावयास शिकवितो, दोघें एकमेकांशीं बोलतात, चार समवयस्क बायका एकत्र जमतात. लंडनमधील वाचक ही पानें चाळीत 'गोष्ट केव्हां सुरू होणार?' असें विचारील. परंतु ज्या वाड्यांत वडील माणसांच्या देखत नवराबायकोनें दिवसाढवळ्या एकमेकांशीं बोलणें हा निर्लज्जपणा समजला जाई, त्या वाड्यांतून आलेल्या वाचकाला हें बोलणें हीच केवढी घटना होती! घटना कोणती आणि दिनचर्या कोणती, हें ग्रंथकार ठरवीत नाहीं. ज्या समाजांत ग्रंथ लिहिला गेला त्याची राहणी ठरविते. परकीय समीक्षेचीं मापें घेऊन आपल्या कादंबऱ्या तोलणारांनीं (आणि आम्हां इंग्रजी शिकलेल्या अध्यापकांना तो मोह फार) ही गोष्ट विसरणें परवडणार नाहीं.

तथापि हरिभाऊंच्या पद्धतीला एक मर्यादा आहे व ती सांगितली पाहिजे. ते सुधारक होते. त्यांच्या हातीं आलेली प्रत्येक घरगुती वस्तु साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभी राहते. यमूच्या दिवसांतील प्रत्येक लहानसहान त्रास शेवटीं एका मोठ्या अन्यायाच्या खात्यावर जमा होतो. कथानकाच्या दृष्टीनें हें बळ आहेच, परंतु प्रत्यक्ष संसारांत दिवसाला असा कांहीं उद्देश नसतो. सकाळीं डोळे पुसलेली बाई दुपारीं शेजारणीशीं हंसत असते, आणि तिच्या त्या हंसण्यानें तिचें दुःख खोटें ठरत नाहीं. हरिभाऊंना हें ठाऊक नव्हतें असें नव्हे. कथेच्या पूर्वार्धांतील मुलांच्या लीला पाहाव्या. पण खटला उभा राहिल्यावर अशा गोष्टींना वेळ राहत नाहीं.

येथें भाषेसंबंधीं एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मराठीला रोजच्या जगण्यासाठीं एक स्वतंत्र काळ लाभला आहे. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून आजतागायत मराठीचा विद्यार्थी ज्याला रीतिभूतकाळ म्हणतो तोच हा. 'ती पहाटे उठे, सडा घाली, देवाचीं उपकरणीं घांसी, आणि सासूबाईंची हांक येण्यापूर्वीं चुलीपाशीं हजर असे.' या वाक्यांत कांहींच घडलें नाहीं, आणि तरी बाईच्या आयुष्याचीं दहा वर्षें त्यांत निघून गेलीं. इंग्रजीला हा अर्थ साधण्यासाठीं साहाय्यक क्रियापदांचा टेकू घ्यावा लागतो. आमच्याकडे तो धातूच्या अंगींच मुरलेला आहे. 'ती उठली' म्हटलें कीं, ऐकणारा 'मग?' असें विचारतो. 'ती उठे' म्हटलें कीं, ऐकणारा मान डोलावतो, कारण त्यानें आपल्या आईला तसें उठतांना पाहिलेलें असतें. कादंबरी ही जात्या 'मग?' या प्रश्नावर जगते. म्हणून ती रीतिभूतकाळांत फार वेळ रमत नाहीं. एकदोन परिच्छेदांत घरादाराचें वर्णन उरकून 'एके दिवशीं' या दोन शब्दांकडे धांव घेते. आठवणी लिहिणाऱ्या बायकांना अशी घाई नव्हती. त्या रीतिभूतकाळांत निवांत बसतात, आणि त्यामुळेंच त्यांच्या लेखणींतून जेव्हां 'एके दिवशीं' येतें तेव्हां त्या एका दिवसाखालीं हजार दिवसांचा थर आहे हें वाचकाला जाणवतें.

रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते माधवराव रानडे यांनीं प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर १८७३ सालीं, वडिलांच्या आग्रहाखातर, अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें, ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत एका वाक्यांत येते, आणि तें वाक्य माधवरावांच्या निंदेचें कीं समर्थनाचें एवढाच वाद पुढें चालतो. त्या अकरा वर्षांच्या मुलीचें पुढें काय झालें, हें वाक्य मात्र तिलाच लिहावें लागलें. नवरा शिकवितो आणि घरांतील बायका त्याबद्दल टोमणे मारतात; पंडिता रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्यावर त्यांच्याकडे जावें तर घरांत वादळ; न जावें तर नवऱ्याची इच्छा मोडते. समाजसुधारणेचीं व्याख्यानें माधवरावांनीं दिलीं हें खरें, पण त्या सुधारणेची रोजची किंमत स्वयंपाकघरांत दुसऱ्याच कोणीतरी मोजली, हें 'आठवणी' वाचल्याखेरीज कळावयाचें नाहीं. रमाबाईंची वृत्ति पतिभक्तीची आहे. त्या कोठेंहि गाऱ्हाणें करीत नाहींत. एवढ्या भक्तीनें लिहिलेल्या पुस्तकांत चरित्रनायकाच्या उणीवा दिसूं नयेत अशी अपेक्षा असते. परंतु तपशील हा मोठा अवघड प्राणी आहे. भक्तीला तो पुरता दाबतां येत नाहीं. माधवराव आंब्याच्या एकदोन फोडी खाऊन थांबतात आणि जिभेला लावलेल्या वळणाचा विचार सांगतात, तो प्रसंग वाचकानें नीट वाचावा. न्यायमूर्तींचा निग्रह त्यांत दिसतोच. पण फोडी चिरून पुढें ठेवणारीचा विरस झालेला चेहराहि त्याच ओळींतून डोकावतो.

जातां जातां एक लक्षांत आणून देतों. त्याच १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें पुस्तक निघालें व पुढें घरोघर पोंचलें. तें वाङ्मय आहे असा आमचा आग्रह नाहीं. पण वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्या वर्षाची यादी करतांना इतकें सर्रास वाचलें गेलेलें पुस्तक दिसूंच नये, हें मात्र विचार करण्यासारखें आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकाबद्दल किती लिहावें असें होतें. चार भागांत तें १९३४ ते १९३७ या काळांत बाहेर आलें. शेवटचा भाग निघाला तेव्हां लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. या पुस्तकाच्या आरंभींच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोंवळें येतें. सासऱ्यांना १८५७ च्या बंडानंतर फांशी झाली, त्या घटनेचा धक्का घेऊन या गृहस्थांनीं सोंवळ्याचा असा कांहीं ध्यास घेतला कीं, बाजारांतून आलेली वस्तु धुतल्याखेरीज घरांत येईना. सत्तावन्न सालावर आम्हीं पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. त्यांत तोफा आहेत, तह आहेत, राण्या आहेत. पण एका कोंकणस्थ घराच्या ओसरीवर तें साल पुढें कित्येक वर्षें पाण्याच्या घागरीच्या रूपानें रोज ओतलें जात होतें, हें दुसऱ्या कोणत्याहि ग्रंथानें आम्हांस सांगितलें नाहीं. आणि लक्ष्मीबाई तें सांगतात कसें? हंसत हंसत! त्या वेडापायीं घरांतील बायकामुलांनीं जें सोसलें तें वाचून अंगावर कांटा उभा राहतो, आणि त्याच वेळीं हंसूं आवरत नाहीं.

पुढें नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. कादंबरीकाराला हा केवढा विषय! धर्मांतर, पतिपत्नींची ताटातूट, पुनर्मीलन. कोणत्याहि कादंबरीकारानें या ठिकाणीं दोन मोठीं संभाषणें घातलीं असतीं, एक ईश्वराविषयीं व एक प्रेमाविषयीं. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत मुख्य प्रश्न आहे चुलीचा. नवऱ्याकडे परत आल्यावर त्यांनीं आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळें ठेवलें. आणि मग कोणाच्या हातचें पाणी चालावें, कोणाच्या हातचें अन्न चालावें, याचे बंध एकेक करून सुटत गेले. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, परंतु खरें धर्मांतर त्यापूर्वींच पाण्याच्या हंड्यापाशीं होऊन गेलें होतें. जातिभेद म्हणजे काय, या विषयावर आमच्याकडे उत्तम निबंध आहेत. पण तो माणसाच्या घशांत कसा असतो आणि तेथून कसा निघतो, हें पाहावयाचें तर या बाईंच्याकडेच गेलें पाहिजे. हरिभाऊंच्या हातीं दुःख हा एक मुद्दा होता. लक्ष्मीबाईंच्या हातीं तो दिवसाचा एक भाग आहे, दुपारच्या जेवणासारखा. टिळकांचें 'ख्रिस्तायन' हें अपुरें राहिलेलें महाकाव्यहि लक्ष्मीबाईंनींच पूर्ण केलें. तें आज किती जण वाचतात? आणि 'स्मृतिचित्रें' न वाचलेला मराठी सुशिक्षित मनुष्य स्वतःस सुशिक्षित कसा म्हणवून घेतो, हेंहि आम्हांस कळत नाहीं.

ज्या वर्षांत 'स्मृतिचित्रें' निघत होतीं त्याच वर्षांत आमची कादंबरी कोठें होती? ती टेनिसच्या मैदानावर होती. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९) इत्यादि कादंबऱ्यांनीं मराठी गद्याला एक सफाई दिली, हें त्यांच्या विरोधकांनींहि मान्य करावें. आतां परिस्थितीहि बदलली होती. मुली कॉलेजांत येऊं लागल्या होत्या. १९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्यानें मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची मर्यादा घातली होती. रिसबुडांची अडचण दूर झाली, इंग्रजी सांगाडा अखेर आमच्या अंगाला बसला, असें क्षणभर वाटलें. पण कितीशा घरांत? या कादंबऱ्या ज्या हातांत होत्या त्या हातांचीं लग्नें पत्रिका व हुंडा ठरवूनच होत होतीं. शिवाय या कादंबऱ्यांतून चहा येतो, पण तो कोणी केला हें कळत नाहीं. वाण्याचें बिल येत नाहीं, नळाचें पाणी जात नाहीं, सासूचे पाय दुखत नाहींत. नायिका संध्याकाळीं फिरावयास निघते तेव्हां घरांत रात्रीच्या भाकरीचें काय झालें, असा प्रश्न निदान आमच्या मनांत तरी येतो.

फडक्यांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें त्यांनीं स्वतः 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथांत चांगलें मांडलें आहे, आणि तें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. गिरगांवांतील दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार करणारी बाई दुपारीं तासभर पुस्तक उघडते, तिला पुन्हां तिचीच चूल दाखवावी, हा आग्रह निर्दयपणाचाहि होऊं शकतो. तिनें त्या तासांत मोटारींतून खंडाळ्यास जावें. आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती त्या तासानंतरच्या गोष्टीला. पुस्तक मिटल्यावर तिला वाटतें कीं, आपला दिवस हा सांगण्याच्या लायकीचा नाहीं. जगणें तें त्या पुस्तकांत, आपलें चाललें आहे तें नुसतें राबणें. घरांतील पुरुषमाणसांनाहि तसेंच वाटतें, आणि तें अधिक घातक आहे. कारण ज्या श्रमांत सांगण्यासारखें कांहीं नाहीं त्यांकडे पाहण्यासारखेंहि कांहीं नाहीं, असें मानणें फार सोयीचें असतें. रिसबुडांचें मत असें नव्या पोषाखांत परत आलें. त्यांनीं निदान अद्भुताला अद्भुत म्हटलें होतें. आतां मोटारीलाच वास्तव म्हणूं लागले.

अपवाद होते. श्रीधर व्यंकटेश केतकरांची 'ब्राह्मणकन्या' (१९३०) घ्या. माहितीच्या ओझ्याखालीं बिचारी कथा लंगडते, ज्ञानकोशकाराचा हात पानोपानीं दिसतो, तरी त्यांतील माणसें पोटाचा व जातीचा विचार करतात, म्हणून ती आम्हांस अधिक प्रिय आहे. आणि १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हां केवढी खळबळ उडाली! लेखिका कोण याचा शोध लागावा म्हणून लोकांनीं जितकी मेहनत घेतली, त्याच्या दशांश मेहनत जरी त्या कथांतील प्रश्नावर घेतली असती तरी पुष्कळ झालें असतें. शिकलेली मुलगी नोकरी करते, तिचा पगार घरांत येतो, आणि त्या पगाराची घराला संवय लागली कीं तिच्या लग्नाची घाई कोणालाच राहत नाहीं. येथें महिन्याच्या पहिल्या तारखेला हातांत पडणारा पगार हीच घटना आहे, जशी हरिभाऊंच्या काळीं नवराबायकोचें बोलणें ही घटना होती. वाचक रागावले, कारण तो हिशेब त्यांच्याच घरचा होता.

आतांपर्यंत आम्ही छापील पुस्तकांविषयीं बोललों. परंतु संसार आणि वाङ्मय हे दोन वेगळे पदार्थ आहेत व त्यांची तुलना करावयाची, ही कल्पनाच मुळीं छापखान्याबरोबर आलेली आहे. जात्यावर बसलेल्या बाईला ती ठाऊक नव्हती. ओवी ही दळण्याविषयीं नव्हे, दळण्यांतच असते; खुंटा फिरतो त्या गतीनें शब्द फिरतो, आणि दाणे संपले कीं गाणेंहि थांबतें. जनाबाईच्या नांवावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळूं लागतो. देवाला आपल्या घरचें काम सांगण्याचा हा धीटपणा कोणत्या महाकाव्यांत आहे? साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' (१९४०) या संग्रहांत अशा ओव्या मोठ्या मायेनें एकत्र केल्या, आणि पुढें हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले, ही चांगलीच गोष्ट झाली. जातें परत यावें असें म्हणणाऱ्यानें आधीं पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. आजच्या दिवाणखान्यांत जातें भिंतीला टेकून शोभेसाठीं उभें असतें, आणि पुस्तकांतील ओवी वाचतांना तो घरघर आवाज वाचकालाच मनानें भरून घ्यावा लागतो.

बहिणाबाई चौधरी यांना लिहितां येत नव्हतें. खानदेशांतील त्यांच्या घरीं व शेतांत त्या जें गात, तें त्यांच्या चिरंजीवांनीं, सोपानदेवांनीं, उतरवून ठेवलें. सोपानदेव स्वतः नांवाजलेले कवि. काव्य म्हणजे काय हें त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. तरीसुद्धां १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई वारल्या, त्यानंतर तीं कवनें आचार्य अत्रे यांच्या पाहण्यांत आलीं, आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' छापून निघालीं. तोंवर तें सोनें एका कवीच्याच घरांत वहींत पडून होतें.